ओटीटी की डिस्क? पैसे कुठे घालावेत

नेटफ्लिक्सचा ६४९ रुपयांचा प्लॅन ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र, दाखवतो आणि त्याला सेकंदाला १५ मेगाबिटचं इंटरनेट पुरतं, असं कंपनीच सांगते. १०० जीबीच्या ४के ब्लू-रे डिस्कवरून मात्र सेकंदाला शंभराहून जास्त मेगाबिट डेटा येऊ शकतो. साध्या, म्हणजे फुल एचडीच्या, ब्लू-रेलाही नुसत्या चित्रासाठी ४० मेगाबिटपर्यंत मुभा आहे. त्यामुळे ‘४के’चा शिक्का असलेला स्ट्रीम बऱ्याचदा साध्या ब्लू-रेपेक्षा कमी डेटात जास्त आवळलेला असतो. भर उजेडातल्या, स्थिर दृश्यात हे जाणवत नाही. धुकं, पाऊस किंवा अंधारी खोली आली की सावल्यांत पट्टे उमटतात, काळ्या भागात चौकोन हलू लागतात आणि जुन्या फिल्मचा ग्रेन, म्हणजे बारीक रवाळ पोत, पुसला जाऊन चेहरे मेणासारखे दिसतात.

आवाजातला फरक याहून मोठा. ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस, म्हणजे चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा डॉल्बीचा आवाज, डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये, म्हणजे काटछाट करून येतो. डिस्कवर ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे काटछाट न करणारे प्रकार असतील तर मूळ मिक्स जसाच्या तसा. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल तर यासाठी एक रुपयाही जास्त घालू नका. एव्ही रिसीव्हर (वेगवेगळे स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) असेल तर प्लेअरची एचडीएमआय केबल थेट रिसीव्हरला जोडा, कारण टीव्हीमार्गे साध्या एआरसीवरून (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून रिसीव्हरकडे परत पाठवण्याची सोय) ट्रूएचडी जात नाही. प्लेअरच्या मेनूत ऑडिओ ‘बिटस्ट्रीम’ वर ठेवा (म्हणजे आवाज न उलगडता रिसीव्हरकडे जातो), ‘सेकंडरी ऑडिओ’ (मेनूचे आवाज, जादा समालोचन वगैरे) बंद करा आणि २४पी, म्हणजे चित्रपटासारखं सेकंदाला २४ फ्रेमचं, आउटपुट चालू करा. ‘सेकंडरी ऑडिओ’ चालू राहिला की अ‍ॅटमॉस मिळतच नाही, आणि लोक उगाच डिस्कला दोष देतात.

डिस्क परदेशातून मागवताना रीजन, म्हणजे ती जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचा कोड, बघा. ब्लू-रेसाठी भारत ‘सी’मध्ये, अमेरिका ‘ए’मध्ये, डीव्हीडीसाठी आपण ५, अमेरिका १. ४के डिस्कला रीजनच नाही, म्हणून अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून काही आणवायचं तर तीच आणवा.

मराठी चित्रपटांसाठी मात्र आमचं मत ओटीटीच्या बाजूने आहे. ब्लू-रेवर ते जवळजवळ येतच नाहीत. डीव्हीडी ७२० बाय ५७६ ठिपक्यांची, व्हीसीडी (सीडीवरचा जुना व्हिडिओ) तर ३५२ बाय २८८ची. १०८०पी, म्हणजे फुल एचडी, स्ट्रीम यांच्यापेक्षा केव्हाही सरस. फोनवर बघणाऱ्यांनी वाइडवाइनची (अँड्रॉइड फोनमधली कॉपी-संरक्षणाची यंत्रणा) पातळी एल१ आहे ना, तेवढं तपासावं. एल३ असेल तर महागडा प्लॅन घेऊनही चित्र एसडीच, म्हणजे एचडीपेक्षा खालच्या दर्जाचंच, राहतं.

पण ओटीटीचे हक्क मुदतीचे असतात. मुदत संपली की चित्रपट यादीतून जातो, आणि कित्येक जुने मराठी चित्रपट, नाटकं तिथे आलेलीच नाहीत. घरात त्यांच्या व्हीसीडी असतील तर पावसाळ्याआधी कॉपी करून घ्या. डिस्क कॉम्प्युटरमध्ये घालून ‘एमपीईजीएव्ही’ (MPEGAV) फोल्डर उघडा, आतल्या ‘डॅट’ (.dat) फाइल हार्ड डिस्कवर उतरवा. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये त्या तशाच चालतात. कॉपी मध्येच अडकली तर मऊ कापडाने डिस्क मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. व्हीसीडीचा चकचकीत थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो. त्या बाजूला ओरखडा गेला असेल तर कितीही पुसून उपयोग नाही, आणि तिथे चिकटवलेलं लेबल ओढून काढू नका: थरही त्याच्याबरोबर निघतो.