दोघांपुरता ३ लिटरचा कुकर, वर्षभर वापरून झाल्यावर

दोघांचाच स्वयंपाक असला की माप हमखास चुकतं. आमच्याकडे आधी ५ लिटरचा कुकर होता, त्यात थोडंसं काही लावलं की तळाला लागायचं, म्हणून जास्तच लावायचो आणि मग तेच तीन दिवस खायचो, चौथ्या दिवशी वैतागून बाहेरून मागवायचो. पैसे दोन्हीकडून जायचे. शेवटी स्टीलचा ३ लिटरचा घेतला, वर्ष होऊन गेलं, म्हणून लिहितोय.

खरा फायदा झाला तो कडधान्यांचा. आधी आम्ही शिजवलेल्या बीन्सचे तयार डबे आणायचो, आता सुकी आणतो, रात्री झोपताना वाटीभर भिजत घालतो, शिजल्यावर त्याच एका वाटीच्या अडीच वाट्या तरी होतात आणि दोघांची दोन जेवणं निघतात. प्रेशरमुळे आतलं पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशाला उकळतं, त्यामुळे जो राजमा पातेल्यात तास-तासभर रटरटत बसतो तो इथे २० मिनिटांत मऊ होतो. (राजमा अर्धाकच्चा खाऊ नका हां, पोट जाम बिघडतं.) आणि पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा, मोठा ठेवून आतलं तापमान काही वाढत नाही, नुसती वाफ आणि गॅस वाया.

पहिल्यांदा मी हुशारी करून टोमॅटो बीन्सबरोबरच घातले होते, दोनदा कुकर लावला तरी बीन्सची सालं कडकच. बायको म्हणाली, "अरे आंबट आधी घातलंस तर ते शिजतील कसे, नंतर घालायचं." तेव्हापासून नंतर.

ऑफिसवरून दमून आलो की आमचं ठरलेलं म्हणजे कुकरमध्येच कांदा परतायचा, बटाटा, तांदूळ, मूठभर मसूर, पाणी पातेल्यात घालतो त्यापेक्षा जरा कमी, झाकण लावलं की विषय संपला. घासायला भांडं एकच, त्यामुळे आज पाळी कोणाची हे भांडणही बंद झालंय बऱ्यापैकी.

आता तक्रारी. ३ लिटर लिहिलंय म्हणून ३ लिटर मावत नाही, कुठलाही कुकर दोन तृतीयांशच्या वर भरायचा नसतो आणि डाळ, कडधान्यं असतील तर अर्ध्यापर्यंतच, नाहीतर फेस वर येऊन शिट्टीचं भोक बंद होतं. म्हणजे कामाचा तो दीड ते दोन लिटरच. दोघांना पुरतो, चौघं आली की मोठा काढावा लागतो. आतल्या झाकणाचा असल्यामुळे एकावर एक दोन डबेही बसत नाहीत, हे मी घेताना बघायलाच हवं होतं. तळ मात्र जाड सँडविच बॉटमचा (स्टीलच्या थरांमध्ये ॲल्युमिनियम) आहे तो बरा, नुसत्या पातळ स्टीलचा अजिबात घेऊ नका, करपतं.

सातव्या महिन्यात रिंग ढिली पडली. त्या दिवशी दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, शिट्टी काही येईना, बघतो तर झाकणाच्या कडेने फसफस वाफ आणि डाळीचं पिवळं पाणी ओघळत बर्नरवर. रिंग फ्रीजरमध्ये ठेवून आठवडाभर ढकललं. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे रिंग वॉरंटीत येत नाही, वर त्या मॉडेलची स्टॉकमध्ये नाही, तीन आठवडे लागले. रिंग झिजणारच, त्याबद्दल राग नाही, पण मग विकतानाच एक जादाची द्या की! आता दोन आणून ठेवल्यात. तुम्हीही कुकरबरोबरच घ्या, आणि त्याच कंपनीची, त्याच मापाची.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो हँडलच्या स्क्रूसाठी, महिन्यातून एकदा ढिला होतोच, त्यामुळे आमचा स्क्रूड्रायव्हर आता चमच्यांच्या ड्रॉवरमध्येच राहतो.