सॅन स्टॉर्मची दुरुस्ती: साखळीचा वायरमन आणि मालीमचा फायबरवाला

गोव्यात साखळीहून वाळपईकडे निघालं की रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड आहे. पाटी नाही. बाहेर एखादा टिपर, एखादा जेसीबी आणि बॉनेट उघडं टाकलेलं एखादं पिकअप हमखास उभं असतं. नाव लिहू का म्हणून विचारलं, तर मालक म्हणाला, "नको बाय, आत्ताच फोन उचलून होत नाहीत." तेव्हा नाव देत नाही. परीक्षण मात्र लिहिते, कारण माझी गाडी आज रस्त्यावर आहे ती या माणसामुळे आणि त्यानेच गाठ घालून दिलेल्या, मालीमला फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या एका होडीवाल्यामुळे.

गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. पेट्रोल पंपावर हमखास विचारतात, "मॅडम, ही बाहेरची काय?" बाहेरची नाही. बेंगळुरूच्या सॅन मोटर्सने १९९८ मध्ये आणलेली दोन सीटांची, कापडी छपराची गाडी आहे. अंग सगळं फायबरचं. इंजिन रेनोचं, डी७एफ नावाचं, १,१४९ सीसी, आठ व्हॉल्व्ह, ६० अश्वशक्ती. आकडा ऐकून हसणारे हसतात. चोर्ल्याच्या घाटात छप्पर मागे टाकून ही चालवली, की मला त्या आकड्याशी काही घेणंदेणं राहत नाही. गाडी फार विकली गेली नाही, त्यामुळे आज हिच्या नावाने पार्ट मागायला गेलात तर काउंटरवरचा मुलगा आधी तुमच्या तोंडाकडे बघतो आणि मग कॉम्प्युटरकडे.

माझं डिचोलीत औषधांचं दुकान आहे. लिहून दिलेल्या कंपनीची गोळी नसेल तर पाकिटावरचं नाव सोडून आतलं औषध बघायचं, ही आमच्या धंद्यातली रोजची गोष्ट. या गाडीचंही तसंच आहे. स्टॉर्मचे पार्ट मिळत नाहीत हे खरं, पण डी७एफ हे इंजिन रेनोने युरोपात ट्विंगो, क्लिओ, कांगू अशा गाड्यांत वर्षानुवर्षं घातलं. त्यामुळे इंजिनातली वस्तू मागताना 'स्टॉर्म' हा शब्द तोंडातून काढायचाच नाही. क्लिओ म्हणायचं, वर्ष सांगायचं, आणि जुन्या पार्टवर छापलेला नंबर द्यायचा. त्या काळचे रेनोचे नंबर बहुतेक ७७०० ने सुरू होतात. अंगावर नंबर शाबूत असलेला जुना पार्ट कचऱ्यात टाकणाऱ्या मेकॅनिककडे पुन्हा जाऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.

सगळंच बाहेरून मागवावं लागतं असंही नाही. २००७ साली महिंद्राने रेनोबरोबर लोगन आणली, तीच पुढे व्हेरिटो झाली. तिच्या पेट्रोल इंजिनाला बसणारा ऑइल फिल्टर हिलाही बसतो. म्हापशात कुठल्याही बऱ्या दुकानात मिळेल. टायमिंग बेल्टचं तसं नाही, त्याची लांबी नि दात जुळले पाहिजेत, तो क्लिओचाच मागवा, आणि गाडी कमी चालते म्हणून वर्षांचा हिशेब विसरू नका. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं, आपल्या हवेत तर लवकरच.

आता मूळ बिघाड. गाडी थंड असताना एका चावीत सुरू व्हायची. अर्धा-पाऊण तास चालली, त्यात पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामापाशी रांगेत तापली, की कसलीही सूचना न देता बंद. मागचे हॉर्न वाजवणार, मी धक्का मारायला माणसं शोधणार. वीसेक मिनिटांनी जणू काही झालंच नाही अशी सुरू. एका शहरातल्या गॅरेजने पेट्रोल पंप बदलला, प्लग बदलले, बिल लावलं. पुन्हा तेच. मग त्यांनी सुचवलं की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेला असेल, तो मिळणार नाही, दुसरं इंजिन बसवू.

साखळीच्या मिस्त्रीकडे मला आमच्या शेजारच्या ट्रकमालकाने पाठवलं. हा माणूस मूळचा खाणीवरचा ऑटो इलेक्ट्रिशियन. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली, साखळी, सत्तरीतल्या किती जणांनी काय काय सुरू केलं ते इथल्या लोकांना सांगायला नको. याने ही शेड टाकली. मोठमोठ्या यंत्रांचं वायरिंग पावसाच्या चिखलात बसून दुरुस्त केलेला माणूस, त्याला माझी गाडी बघून ना कौतुक वाटलं ना भीती. पहिला प्रश्न विचारला, "बंद पडल्यावर स्टार्टर मारता तेव्हा आरपीएमचा काटा हलतो काय?"

तोवर हे मला कोणीच विचारलं नव्हतं. काटा हलत नव्हता.

"मग पंपाचं काय नाही ते. इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळतच नाही."

या इंजिनात क्रँकचा सेन्सर गिअरबॉक्सच्या तोंडावर, फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड दातेरी चाकाच्या, वर बसतो. दोन तारांची एक साधी कॉइल. फ्लायव्हीलचे दात समोरून गेले की तिच्यात सिग्नल तयार होतो, त्यावरून ईसीयू ठिणगी कधी द्यायची आणि पेट्रोल कधी सोडायचं ते ठरवतो. सिग्नल नाही तर दोन्ही बंद. मिस्त्रीने सेन्सर काढला, मीटर लावला. २२० ओहमच्या आसपास, म्हणजे ठणठणीत. मी म्हटलं, चांगला आहे की मग. "मातशें रावात," जरा थांबा, म्हणाला, आणि हीट गन आणून तो हळूहळू तापवायला लागला. आकडा थोडा वर गेला, आणखी थोडा, आणि एकदम मीटरवर काहीच नाही. आतली बारीक तार तापली की तुटायची, निवली की परत जुळायची. थंड करून त्याने मला पुन्हा २२० दाखवला. मग पुन्हा तापवून पुन्हा काहीच नाही. मला पटावं म्हणून केलं असेल, किंवा त्यालाच मजा आली असेल.

इथे दुसरा कोणी असता तर कुठल्या तरी गाडीचा सेन्सर घासूनपुसून बसवला असता. या सेन्सरचे बोल्ट खांद्याचे असतात, म्हणजे सेन्सर आणि दात यांच्यातलं अंतर त्या बोल्टांनीच ठरतं. साधे बोल्ट घातले की अंतर बिघडतं. मिस्त्रीने बोल्ट वेगळ्या डबीत घालून माझ्या हातात दिले, सेन्सरवरचा नंबर माझ्याच फोनवर फोटो काढून ठेवायला लावला, आणि स्पष्ट सांगितलं की हा मागवा, तोवर गाडी इथेच राहू द्या. मी युरोपातल्या विक्रेत्याकडून क्लिओचा म्हणून मागवला. पाठवणावळ आणि कस्टम ड्युटी मिळून पार्टच्या किमतीहून जास्त झाली, कुरिअरवाल्याने केवायसीची कागदपत्रं मागितली ती वेगळी. असं मागवायचं असेल तर एकाच खेपेला जे जे लागणार ते सगळं मागवा. मी बेल्टचा सेट, थर्मोस्टॅट आणि व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट त्यातच घेतलं.

सेन्सर बसला आणि गाडी तापून बंद पडायची थांबली. खरं तर काम तिथे संपलं होतं. पण हेडलाइट लावला की इंडिकेटर मंद होतात आणि पंखा लावला की रेडिओ खरखरतो, हे मी सहज बोलून गेले. या माणसासमोर असं सहज बोलू नये. त्याने हेडलाइट लावून मीटरची एक तार दिव्याच्या अर्थला, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या तारेला, आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. २.३ व्होल्ट. हा आकडा जवळजवळ शून्य हवा. म्हणजे दिव्याला मिळायची ती वीज परतीच्या वाटेवरच खर्च होत होती.

फायबरच्या गाडीचं खरं दुखणं हे, आणि स्टॉर्म घेणाऱ्याने आधी इथे बघावं. पत्र्याच्या गाडीत सगळं अंगच अर्थचं काम करतं. कुठेही स्क्रू मारा, परतीची वाट मिळते. फायबरमधून वीज जात नाही. प्रत्येक दिव्याची, प्रत्येक मोटरची अर्थची तार वेगळी चासीपर्यंत आणलेली असते, आणि आपल्याकडे खाऱ्या दमट हवेत ते जोड हिरवे पडतात. मग वीज जवळची दुसरी वाट धरते. इंडिकेटरची वीज ब्रेकलाइटमधून परत येते, आणि लोक म्हणतात, गाडीत भूत आहे.

मिस्त्रीने जुने जोड घासत बसण्याऐवजी बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाला, चासीला आणि डॅशबोर्डच्या मागे अशा जाड नव्या तारा टाकायचं ठरवलं. आणि साधी तांब्याची तार नको म्हणाला. होडीवर वापरतात ती आण, कल्हई केलेली, तिला खारं लागत नाही. ती कुठे मिळेल? त्यासाठी त्याने मला मालीमला पाठवलं. या कामाची मजुरी त्याने ३,५०० रुपये घेतली. काम बघता कमी आहे. आता हेडलाइट लावल्यावर तोच आकडा ०.१ येतो, मी स्वतः मीटरवर पाहिला.

मालीमची जेटी पणजीच्या समोर, मांडवीच्या पलीकडे. तार मिळाली. ती देणाऱ्यानेच बंपरचा फुटलेला कोपरा बघून विचारलं, "हे कोणी असं वाटोळं केलं?" वाटोळं म्हणजे आधीच्या एका डेंटिंगवाल्याने भेगेत नुसती पुटी भरून वर रंग मारला होता. पत्र्यावर पुटी चालते, कारण खाली पत्रा असतो. फायबरला भेग गेली म्हणजे आतली मॅटच, काचेच्या धाग्यांची चटईच, तुटलेली. इंजिनाची थरथर लागली की पुटी पुन्हा त्याच रेषेत फुटणार, आणि फुटलीच होती.

या माणसाचं काम ट्रॉलर आणि होड्यांचं. त्याच्या हातात ग्राइंडर बघून पोटात गोळा येतो, कारण भेग दुरुस्त करायला तो आधी ती आणखी मोठी करतो. दोन्ही बाजूंनी उतार देत सगळा कच्चा भाग काढला, मग आतल्या बाजूने मॅटचे थर, एकावर एक, प्रत्येक थर रोलरने दाबून हवा काढत. रेझिनमध्ये आधी ते लवकर घट्ट व्हावं म्हणून कोबाल्ट मिसळून झालं, हार्डनर त्याने अगदी शेवटी घातला, आणि दोन्ही बाटल्या शेडच्या दोन टोकांना ठेवल्या होत्या. ही दोन रसायनं थेट एकमेकांत पडली तर भडका उडतो. औषधांच्या धंद्यात असल्यामुळे असेल, मला त्याच्या कामाआधी त्याच्या बाटल्या आवडल्या.

त्यानेच मला सुचवलं की बंपर सुटा झालाच आहे तर साचा काढून ठेवू. वॅक्स लावायचं, त्यावर सुटण्यासाठी पातळ थर, मग जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, आणि मॅट. उद्या बंपरचा चुरा झाला तरी नवा ओतता येईल. स्टॉर्मची बॉडी मिळणार नाही म्हणून लोक घाबरतात, पण या गाडीत सगळ्यात सोपी गोष्ट बॉडीच आहे. जे फायबरचं आहे ते आपल्या किनाऱ्यावर बनवता येतं. अडतं ते अंगठ्याएवढ्या सेन्सरवर. दुरुस्तीचे ६,००० आणि साच्याचे ४,००० दिले. साचा घरी माळ्यावर आहे.

आता तक्रारी. होडीवाला रंगाचं काम करत नाही. दुरुस्ती झालेला कोपरा पांढरट जेलकोटमध्येच तुमच्या हातात देतो, पुढे रंगारी तुम्ही शोधा. ग्राइंडिंगची धूळ सीटवर बसली आणि ती अंगाला खाजते, गाडी झाकून द्या किंवा पार्ट सुटा करूनच न्या. जून-जुलैमध्ये तर जाऊच नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, सगळे ट्रॉलर दुरुस्तीला, शिवाय पावसात मॅट ओलसर होते. गाडीचं काम तो तेव्हा घेत नाही, आणि घेत नाही हे बरंच आहे.

साखळीच्या मिस्त्रीकडे पक्कं बिल मिळत नाही. दुपारी एक ते चार फोन बंद. चतुर्थीच्या आठवड्यात शेडला कुलूप, त्याबद्दल आपण गोव्यात राहून काय बोलणार. आणि "सोमवारी देतो" म्हणाला तर कुठल्या सोमवारी हे विचारून घ्या. तारांना खूण म्हणून मास्किंग टेप लावतो, ती पहिल्या पावसात गळते. मी हट्ट धरला तेव्हा त्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळा नकाशा काढून दिला, रंगांसकट. तो मागून घ्याच, स्वतःहून देत नाही.

घाई असलेल्याने, किंवा गाडी चकचकीत करून विकायची असलेल्याने या दोघांकडे जाऊ नये. बाकी मिस्त्रीला पाचपैकी साडेचार, होडीवाल्याला चार.

पुढच्या काचेभोवतीचं रबर अजून राहिलंय. म्हापशाच्या रबरवाल्याकडे जुन्या पट्टीचा तुकडा कापून नेला, त्याच्याकडच्या जवळच्या पट्टीत खाच दोन मिलिमीटर अरुंद निघाली. तात्पुरतं सिलिकॉन लावलंय, तरी जोराच्या पावसात डाव्या कोपऱ्यातून पाणी येतं. कोणाला बसणारी पट्टी मिळाली असेल तर कुठल्या गाडीची ते खाली लिहा, तुकड्याचं माप मी देते.