हणजूणमधलं तिबेटी हॉटेल, थुकपा खा आणि निवांत बसा

जेवणाला पाचपैकी पाच, सर्व्हिसला तीन, आणि बाकी जे मिळतं त्याला स्टार कसे द्यायचे म्हणून एवढं लिहितोय. हॉटेलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण इथे येणाऱ्या काही पोरांच्या घरी अजून काहीच माहीत नाही, पण बुधवारच्या बाजारात चांदीचे न् खड्यांचे दागिने विकणारे तिबेटी लोक बसतात ना, त्यांना जेवायला कुठे जाता म्हणून विचारा, रस्ता दाखवतील.

थुकपा घ्याच. मोठा वाडगा, नूडल्स तिथेच हाताने केलेल्या, पातळ रस्सा पण हाडं तासन् तास उकळून काढलेला, आणि सोबतची लाल चटणी आधी बोटावर घेऊन बघा, आपलं मालवणी तिखट हळूहळू चढतं, ही एकदम लागते. तिंगमो म्हणजे वाफवलेला पदर सुटणारा पाव, तो शाप्तासोबत, म्हणजे मांसाच्या परतलेल्या पातळ कापांसोबत खायचा. मोमो बरे आहेत, पण मोमो आता म्हापशात गाड्यावरही मिळतात. लोणी-मिठाचा चहा सूप समजून प्या, मग आवडतो.

आता बाकीचं. मी सावंतवाडीचा, नोकरी म्हापशात. माझा जोडीदार मुंडगोडचा, कर्नाटकातली तिबेटी वसाहत, १९६६ साली वसवलेली. डोंगर ओलांडून आले ते त्याचे आजोबा, हा जन्मला इथे, शिकला इथे, कन्नड फाडफाड बोलतो, तरी कागदावर परदेशीच, आरसीची, म्हणजे परदेशी म्हणून नोंदणी झाल्याच्या दाखल्याची पुस्तिका सांभाळायची आणि मुदत संपली की रिन्यूला पळायचं. खोली बघायला गेलो की ती पुस्तिका बघून मालकाचा चेहरा बदलतो, आणि दोघं एकाच खोलीत राहणार हे कळलं की परत बदलतो. एकाने तर टोकन घेऊन परत केलं, कारणही सांगितलं नाही.

या हॉटेलच्या मालकीणबाईंना सगळे ‘आमा-ला’ म्हणतात, तिबेटीत आईला मानाने तसं म्हणतात. आम्ही कोण हे त्यांना न सांगताच कळलं, मग त्या याच्याशी तिबेटीत बराच वेळ बोलल्या, मला वाटलं आता ऐकवतात, तर विचारत होत्या की आईला सांगितलंस का, हा मुलगा कामधंदा काय करतो, तुम्ही वेळेवर जेवता का. याला खरी भीती घरच्यांच्या रागाची नाहीये. आपण आधीच थोडे, आपली माणसं वाढली पाहिजेत, हे लहानपणापासून ऐकलंय त्याने, त्यामुळे मुलगी न बघणं म्हणजे सगळ्या समाजाशी दगा केल्यासारखं त्याला वाटायचं. आमा-ला म्हणाल्या, वेळ आली की तुझ्या आईशी मी बोलेन. त्या रात्री तो पहिल्यांदा शांत झोपला.

किचनमधला नेपाळी पोरगा एकदा हात पुसत बाहेर येऊन सांगायला लागला, आमच्या लमजुंग जिल्ह्यात २०२३च्या नोव्हेंबरात असं समलिंगी लग्न सरकारदरबारी नोंदलं गेलं. आपल्याकडे त्याच्या आदल्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने लग्नाचा हक्क नाही म्हणून सांगितलेलं. २०१८ला अशा संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का तरी पुसला गेला, पण खोली, बँक, दवाखाना, सगळीकडे आम्ही एकमेकांचे मित्रच. जॉइंट अकाउंट उघडता येतं, नॉमिनी लावता येतो, अर्थखात्याने ऑगस्ट २०२४मध्ये तसं स्पष्ट केलंय, हे मला कुठल्या बँकेत नाही, या हॉटेलात समजलं, शेजारच्या टेबलावरच्या मणिपुरी पोराकडून, तोही तिकडच्या हिंसेनंतर घर सोडून आलेला. अशी माहिती इथे थुकपा येईपर्यंत मिळते, आणि थुकपाला वेळ लागतो.

तक्रारी सांगतो. गर्दीत एकच माणूस वाढायला, पार्किंग नाही, नेटवर्क गेलं की यूपीआय अडकतं, कॅश ठेवा. पावसाळ्यात बंद, सगळे मुंडगोडला जातात. लोसरच्या, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या दिवसांत, फेब्रुवारी-मार्चच्या आसपास, उघडं आहे का विचारूनच निघा.

आणि म्हापसा-शिवोली पट्ट्यात कोणाकडे दोन मुलांना एकत्र राहायला खोली असेल, आरसी बघून मागे हटणार नसाल, तर कृपया मेसेज करा. भाडं वेळेवर देतो.