ऑरेंज बीच, अलाबामा: सहा जणांच्या छोट्या बोटीवर रेड स्नॅपर पकडायची ट्रिप, रिव्ह्यू

सरळच सांगतो. अटलांटा, बर्मिंगहॅम, नॅशव्हिल असं कुठे राहत असाल, घरात मासे खाणारी मंडळी असतील आणि जून-जुलैत लाँग वीकेंड मिळत असेल तर ऑरेंज बीचला जा आणि छोट्या चार्टर बोटीवर (कॅप्टनसकट भाड्याने मिळणारी बोट) रेड स्नॅपर पकडा. मोठी पार्टी बोट घेऊ नका, जिथे चाळीस-पन्नास माणसं रेलिंगला खांद्याला खांदा लावून उभी असतात आणि दर पाच मिनिटांनी कोणाची तरी डोर तुमच्या डोरीत अडकते. छोटी बोट माणशी साधारण दुप्पट पडते, आम्हाला सहा तासांचे सहा जणांत मिळून १४०० डॉलरच्या आसपास पडले, टिप वेगळी. तरी मी परत छोटीच घेईन.

बोटीचं नाव देत नाहीये कारण एकतर तिथे मरिनामरिनातून अशा बोटी ओळीने लागलेल्या असतात, आणि दुसरं म्हणजे नावापेक्षा कॅप्टन कसाय ते महत्त्वाचं. या बोटींना तिकडे सिक्स पॅक म्हणतात, कारण कॅप्टनच्या कोस्ट गार्ड लायसन्सवर पैसे देणारे सहाच प्रवासी नेता येतात. आम्ही तीन मित्र, दोघांच्या बायका आणि एकाचा अकरा वर्षांचा मुलगा. कॅप्टन आणि एक डेकहँड (बोटीवरचा मदतनीस) धरून बोटीवर आठ डोकी, पाठीमागे दोन मोठी आउटबोर्ड इंजिनं.

पहाटे निघून पर्डिडो पास म्हणजे समुद्रात जायच्या खाडीवाटेच्या पुलाखालून बाहेर पडलो की डावी-उजवीकडे पांढरी वाळू आणि उंच काँडो दिसतात, आणि अर्ध्या तासात ते सगळं मागे जाऊन नुसतं पाणी. साधारण पंधरा-वीस मैल आत गेलो, खाली शंभर फुटाच्या आसपास पाणी. आता इथे खरी गंमत आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. अलाबामाला गल्फचा, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताचा, किनारा अगदी थोडा, आणि समोरचा तळ म्हणजे मैलोन्मैल सपाट वाळू-चिखल, स्नॅपरला आडोसा लागतो तो तिथे नैसर्गिक फारसा नाहीच. मग १९५३ साली तिथल्या चार्टरवाल्यांनी अडीचशे जुन्या गाड्यांचे सांगाडे समुद्रात टाकून बघितले, मासे जमले, आणि तिथून सुरू झालं ते आजपर्यंत चालूच आहे. १९९० च्या दशकात तर लष्कराचे बाद झालेले रणगाडे सुद्धा बुडवले. आता हजार चौरस मैलांपेक्षा जास्त भाग कृत्रिम रीफसाठी, म्हणजे माशांना आडोसा म्हणून तळाशी टाकलेल्या अशा ढिगाऱ्यांसाठी, राखून ठेवलाय आणि परमिट काढून खाजगी लोकही आपले रीफ टाकतात. म्हणजे कॅप्टनकडे जीपीएसचे जे आकडे साठवलेले असतात तीच त्याची खरी इस्टेट, आणि तुम्ही पैसे मोजता ते त्या आकड्यांचे. आमच्या कॅप्टनने एका जागेवर दोन बोटी आधीच उभ्या बघितल्या आणि काही न बोलता बोटीचं तोंड वळवून दुसरीकडे गेला, मोठ्या बोटीला हे एवढं पटकन जमत नाही.

जागेवर पोचल्यावर नांगर टाकत नाहीत, पुढच्या टोकाला इलेक्ट्रिक मोटर असते ती जीपीएसवर बोट जागच्या जागी धरून ठेवते. फिश फाइंडरवर (पाण्याखालचे मासे दाखवणारा स्क्रीन) तळापासून वर येणारा लाल-पिवळा ढिगारा दिसला की कॅप्टन ओरडतो आणि सगळ्यांनी एकदम शिसं सोडायचं. आमिष म्हणजे स्क्विड, बांगड्याचे तुकडे आणि सिगार मिनो नावाचे बोटभर मासे. गरी मात्र सर्कल हुक, आत वळलेली, रीफच्या माशांसाठी कायद्यानेच लागते. कोकणात ज्यांनी लहानपणी जेटीवर बसून गरवलंय त्यांनी एक गोष्ट नीट ऐकून घ्या, झटका द्यायचा नाही. हाताला टकटक लागली की आपला हात आपोआप वर जातो, पण सर्कल हुकला झटका दिला की ती तोंडातून नुसती निघून येते. रॉडचं टोक वाकेपर्यंत थांबायचं आणि मग सावकाश रील फिरवत राहायचं, गरी स्वतःच जबड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसते. डेकहँडने हे त्या छोट्या मुलाला मागे उभं राहून, रॉड बेल्टमध्ये खोचून, एवढ्या शांतपणे शिकवलं की पहिला चांगला मासा त्यालाच लागला. शंभर फुटांवरून आठ-नऊ पाउंडाचा स्नॅपर वर आणताना त्याचे दंड थरथरत होते पण त्याने रॉड कोणाला दिला नाही.

पाण्यात आधी गुलाबीसर झाक दिसते आणि मग एकदम तो लालभडक मासा वर येतो, लाल डोळा, पंखांची टोकं चढलेली. आपल्या तांबोशीच्याच कुळातला, पण हा लाल वेगळाच आहे.

आता नियमांचं, कारण याच्यावरून बोटीची पारख होते. फेडरल पाण्यात (किनाऱ्यापासून दूरचा, केंद्र सरकारच्या अखत्यारीतला समुद्र) माणशी दोन रेड स्नॅपर, किमान १६ इंच. म्हणजे आम्हा सहा जणांना बारा. कॅप्टन आणि डेकहँडच्या वाट्याचे धरता येत नाहीत, कोणी चालतं म्हणाला तर ती बोट सोडा. चार्टर बोटींचा फेडरल सीझन १ जूनला उघडतो, बंद व्हायची तारीख दरवर्षी बदलते म्हणून बुकिंगआधी बघून घ्या आणि बोटीला फेडरल रीफ फिश परमिट आहे का ते स्पष्ट विचारा. तुम्हाला वेगळं लायसन्स काढावं लागत नाही, बोटीच्या लायसन्समध्ये येतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी हा मासा इतका कमी झाला होता की हे सगळे निर्बंध आणावे लागले आणि त्यामुळेच आज तो परत एवढा दिसतोय. नीट जगू दिला तर पन्नास वर्षांवर जगतो.

आणि मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर सोडायचे मासे त्यांनी कसे सोडले ते. एवढ्या खोलातून झटकन वर आला की माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून फुग्यासारखं बाहेर येतं, डोळे बाहेर आलेले, तसाच पाण्यात टाकला तर तो वरच तरंगत राहतो आणि डॉल्फिन येऊन उचलतात. (डॉल्फिन तिथे बोटींच्या मागेच असतात, दिसायला छान वाटतं पण कॅप्टन वैतागतो.) आमच्या डेकहँडने वजन लावलेला चिमटा माशाच्या खालच्या जबड्याला लावला आणि दोरीने त्याला खाली पाठवला, ठराविक खोलीवर दाबाने चिमटा आपोआप उघडतो आणि मासा निघून जातो. असं साधन नाहीतर हवा काढायची सुई बोटीवर तयार ठेवणं जानेवारी २०२२ मध्ये कायद्याने बंधनकारक झालं होतं. पण तयार ठेवणं वेगळं आणि दर वेळी वापरणं वेगळं. प्रत्येक लहान माशासाठी तो हे करत होता, आम्ही बघतोय की नाही याची त्याला फिकीर नव्हती. ट्रिगरफिश पण बरेच लागले, आमिष कुरतडण्यात एक नंबर, पण जून-जुलैत त्यांना बंदी म्हणून तेही परत.

न आवडलेल्या गोष्टी. सहा तास म्हणजे डॉक ते डॉक सहा तास, त्यातून जाणं-येणं वजा केलं की प्रत्यक्ष गरवायला तीन-साडेतीनच उरतात. हे वेबसाइटवर ठळक लिहायला पाहिजे होतं. सावली फक्त कॅप्टनच्या डोक्यावर, दहानंतर ऊन भाजतं, पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि टोपी न्याच. मासे साफ करून देणं बुकिंगमध्ये धरलेलं होतं आणि डॉकवर आल्यावर पाउंडामागे वेगळे पैसे सांगितले, थोडी वादावादी झाली. लेखी विचारून ठेवा. टॉयलेट नावापुरतं, बायकांना त्रास होतो, हे बुकिंग करतानाच विचारायचा मुद्दा आहे.

उलटीची गोळी आदल्या रात्री एक आणि सकाळी एक घ्या, बोटीवर चढल्यावर घेऊन उपयोग नाही. रिकाम्या पोटी जाऊ नका, आम्ही थेपले आणि लोणचं नेलं होतं ते सगळ्यांना झेपलं. आणि केळी नेऊ नका, केळं बोटीवर अपशकुनी मानतात आणि कॅप्टन लोक ते अगदी मनापासून मानतात.

समुद्रात मासा कापायला परवानगी नाही, अख्खाच किनाऱ्यावर आणावा लागतो. डॉकवर ते फटाफट फिले काढून बाकीचं फेकून देतात, तेव्हा आधीच सांगून ठेवा की डोकी आणि मधला काटा आम्हाला पाहिजे, आणि दोन-तीन मासे नुसते खवले काढून, पोट साफ करून आडव्या तुकड्या करून द्या. डेकहँडला आश्चर्य वाटलं नाही, म्हणाला हनुवटीखालचा भाग तो स्वतः घरी तळतो. डोक्यांचं कोकम, ओला नारळ आणि मालवणी मसाला घालून केलेलं कालवण फिलेपेक्षा दहा पट चांगलं लागतं, मांस घट्ट, गोडसर, उकळलं तरी सुटत नाही. डेकहँडला टिप वीस टक्के धरून चाला, तो बिचारा त्यावरच असतो.

कूलर मोठा न्या, आमचा छोटा पडला आणि रस्त्यात मोंटगोमरीला थांबून दुसरा घ्यावा लागला. पाच पैकी साडेचार.