साताऱ्यातला एक दिवसाचा प्रथमोपचार क्लास, माझा अनुभव

मागच्या पावसाळ्यात यवतेश्वर घाटात आमच्यासमोर एक पोरगा गाडीवरनं घसरला आणि आम्ही काय केलं तर मी आणि एका वडापच्या जीपवाल्यानं त्याला बगलेत हात घालून उचलला, कठड्याला टेकवून बसवला, वर पाणी पण पाजलं. पोरगा बरा आहे, पण मान दुखतेय म्हणत होता तो, आणि ते माझ्या डोक्यातनं काही जाईना, म्हणून हा क्लास केला. फी ५०० रुपये.

मणक्याचा भाग एक नंबर शिकवला. झोपलेल्या माणसाच्या डोक्यामागं बसायचं, कोपरं जमिनीला टेकवायची, डोकं दोन्ही हातांनी आहे तसंच धरायचं, ओढून सरळ करायचं नाही, आणि कान झाकायचे नाहीत कारण त्याला आपलं बोलणं ऐकू आलं पाहिजे. चारच मिनिटांत माझी मनगटं भरून आली, आणि १०८ येईपर्यंत असंच धरायचं असतं! हातापायाला मुंग्या येतात का, बोटं हलतात का हे विचारत राहायचं. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढायचं नाही, आणि जागेवरच जीवाला धोका नसेल तर माणसाला हलवायचंच नाही. उलटी झाली तर मात्र डोकं धरणाऱ्यानं आकडे म्हणायचे आणि सगळ्यांनी एकदम कुशीवर वळवायचं, मान पाठ एका रेषेत. आमची पहिल्या वेळी कंबर आधी फिरली, मॅडमनी पाच वेळा करून घेतलं.

रक्ताचं थोडक्यात झालं. स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबायचं, घड्याळ लावून १० मिनिटं, मधेच उचलून बघायचं नाही, भिजलं तर त्याच्यावरच दुसरं. किरकोळ खरचटलं असेल तर नळाखाली धुवायचं, हळद कॉफी काही भरायची नाही. रुतलेली काच उपसायची नाही.

दोन गोष्टी खटकल्या. स्लाइड सगळ्या इंग्रजीत, माझ्या शेजारचे काका नुसते चित्रं बघत होते, ज्यांना हे रस्त्यावर रोज लागणार त्यांच्यासाठी मराठीत पाहिजेच. आणि सरावाला माणसं जास्त, वेळ कमी.

तरी जाच. त्या जीपवाल्याचा नंबर आहे माझ्याकडं, पुढच्या बॅचला त्याला घेऊन जाणार आहे, फी मीच भरतो म्हणून सांगितलंय.