वाइन टूरच्या नावाखाली गंडवणूक : नाशिकला येणाऱ्यांनी आणि नाशिककरांनीही वाचावं

‘प्रायव्हेट गाइडेड वाइन टूर, तीन वायनरी (वाइन तयार होते ती ठिकाणं), टेस्टिंग (वाइन चाखणं), जेवण, सगळं पॅकेजमध्ये’ अशी जाहिरात तुमच्या मोबाइलवर आली असेल आणि समोरचा निम्मे पैसे आगाऊ मागत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. संक्रांतीनंतरच्या शनिवारी आमच्या घरच्या चौघांना या प्रकारात लुबाडलं. पैसे गेलेच, पण ज्या अवस्थेतल्या माणसाच्या हाती आमची गाडी होती ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली आहे आणि त्याच लोकांची नवी जाहिरात फिरते आहे, म्हणून घाईने लिहिते आहे.

ताई आणि भावोजी कोल्हापूरहून आले होते. नाशिकला आल्यावर पंचवटी, त्र्यंबक झालं की पाहुणे आता हमखास वायनरीचं विचारतात. आपली गाडी काढली तर कुणा एकाला काहीच न चाखता बसावं लागतं, आणि चाखून गाडी चालवायची नाही हा आमच्या घरचा नियम आहे. म्हणून चालकासहित गाडी आणि माहिती सांगणारा माणूस असेल तर बरं, असं ठरलं. इन्स्टाग्रामवर एक पेज सापडलं. फोटो सुंदर, खाली लोकांचे भरपूर अभिप्राय, फोनवर बोलणारा माणूस अदबशीर. माणशी साडेतीन हजार, चौघांचे चौदा हजार, त्यातले सात हजार आगाऊ. पैसे पाठवताना पडद्यावर टूर कंपनीचं नाव न येता कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, “आमच्या अकाउंटंटचं खातं आहे ताई, जीएसटीचं बिल संध्याकाळी पाठवतो.” ते बिल आजतागायत आलेलं नाही.

कार्यक्रम असा सांगितला होता : सकाळी दिंडोरीकडे, मग गंगापूर धरणाकडची वायनरी, तिथे जेवण, दुपारून इगतपुरीकडची तिसरी, पाचला घरी. ज्यांना इथला भूगोल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सुला, यॉर्क, सोमा या वायनरी गंगापूर धरणाच्या बाजूला एकमेकींच्या जवळ आहेत. शांदों दिंडोरीकडे आहे. ग्रोव्हर झांपा आणि व्हॅलोने पार इगतपुरी तालुक्यात. तिन्ही दिशा वेगळ्या. एकेका वायनरीत फेरफटका आणि टेस्टिंग धरून तास-दीड तास सहज जातो. तीन दिशांच्या तीन वायनरी जेवणासकट एका दिवसात रमतगमत दाखवतो असं जो म्हणतो, त्याला त्या दाखवायच्याच नसतात.

सकाळी दारात आली ती पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी. भाड्याच्या टुरिस्ट गाडीला पिवळी प्लेट आणि त्यावर काळी अक्षरं असतात. पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी. अशा गाडीतून भाडं मारणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. माझ्या यजमानांनी तिथेच हटकलं. ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, आपली टुरिस्ट गाडी सर्व्हिसिंगला गेलीये, आजच्यापुरती ही.” आणि गाइड? “गाइडसाहेब पुढे भेटतील.” ते गाइडसाहेब दिवसभरात कुठेही भेटले नाहीत.

दिंडोरी रोडला लागल्यावर थोड्याच वेळात ड्रायव्हरला फोन आला. कानाचा फोन काढून म्हणतो, “तिथं आज प्रायव्हेट फंक्शन आहे, पब्लिकला बंद. त्याऐवजी तुम्हाला खरा द्राक्षमळा दाखवतो, तिथूनच वाइनला माल जातो.” मी मागच्या सीटवरून त्या वायनरीला फोन लावला. त्यांनी सांगितलं, नेहमीसारखं सुरू आहे, या. ड्रायव्हरला हे ऐकवलं तर त्याने गाडी तोवर आतल्या रस्त्याला घातली होती.

मळा सुरेख होता, त्यात त्या शेतकऱ्याचा काही दोष नाही. पण वाइनशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. माझं माहेर बागायतदारांचं, द्राक्ष मला कुणी शिकवायला नको. वर मांडव, खाली सुटे लोंबणारे घड, मणी विरळून लांबोडके केलेले, उन्हाने रंग बिघडू नये म्हणून घडांना कागद लावलेला. हा निर्यातीचा खायचा माल, बिनबियांचा. वाइनचं द्राक्ष असं नसतं. मणी बारीक, साल जाड, आत बिया, घड मुठीसारखा घट्ट. बहुतेक ठिकाणी त्याच्या वेली मांडवावर न चढवता तारांवर उभ्या, कुंपणासारख्या ओळीत वाढवलेल्या असतात. शिराझ किंवा कॅबरने या वाइनच्या जातींचा मणी तोंडात टाकला तर आधी साल आणि बीच दाताखाली येते. ड्रायव्हर मात्र खायच्या थॉमसनच्या जातीचा घड हातात धरून, वाइनच्या एका जातीचं नाव घेऊन ताईला सांगत होता, “हीच ती शेनिन ब्लांक.” तिने भाबडेपणाने फोटो काढले. बाहेरगावच्या माणसाला यातलं काय कळणार, याच भरवशावर हा धंदा चालतो, आणि माझा खरा राग त्यावर आहे. लोक दूरवरून पैसे खर्चून येतात ते काहीतरी जाणून घ्यायला. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव फक्त इथल्याच वाइनला लावता येतं. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, त्यानंतर इथल्या कितीतरी शेतकऱ्यांनी खायच्या द्राक्षातला काही हिस्सा काढून वाइनच्या जाती लावल्या, त्यासाठी कर्जं काढली. त्या सगळ्या मेहनतीची ओळख पाहुण्यांना अशा थापांनी करून द्यायची?

पुढे गंगापूरच्या बाजूच्या वायनरीत पोचलो. पॅकेजमध्ये तिथलं तिकीट, टेस्टिंग आणि जेवण होतं. ड्रायव्हर फाटकाबाहेर थांबला, “नाव सांगा, एंट्री होईल.” काउंटरवरच्या मुलीने आमची चारही नावं, फोन नंबर, टूरवाल्याचं नाव, सगळं तपासलं. काहीच नव्हतं. ती बिचारी ओशाळून म्हणाली, “मॅडम, असं सांगून आलेले लोक आम्हाला शनिवार-रविवारी भेटतात. आमचं बुकिंग आमच्याच वेबसाइटवर किंवा इथे काउंटरवर होतं. ज्याच्या नावावर असतं त्याच्या मोबाइलवर मेसेज येतो.” आम्ही तिथे वेगळे पैसे भरून आत गेलो. आतला माणूस जाणकार होता. टाक्यांचं तापमान का सांभाळतात, तांबड्या वाइनला रंग सालीतून कसा येतो, पेला दांडीला का धरायचा, हे त्याने इतकं नीट समजावलं की ताईने त्याला परत परत प्रश्न विचारले. त्या दिवसातला तेवढाच एक तास सत्कारणी लागला, आणि त्याचे पैसे आम्ही वायनरीला दिले होते, टूरवाल्याला नाही.

जेवण म्हणून एका ढाब्यावर नेलं, त्याचंही बिल आम्हीच भरलं.

ढाब्याला लागूनच एक पत्र्याचं दुकान होतं. वर ‘वाइन फार्म आउटलेट’ असा फ्लेक्स. आत बाटल्या मांडलेल्या, एकीवरही धड लेबल नाही. हाताने लिहिलेली चिठ्ठी : ‘रिझर्व्ह, होममेड’. बाटली नऊशे रुपये. दुकानदार आणि आमचा ड्रायव्हर एकमेकांना चांगले ओळखत होते. भावोजींनी बाटली घेऊन उजेडात धरली, तर तळाशी गाळ. वास गोड सरबताचा आणि मागून भपकन स्पिरिटचा. भारतात विकल्या जाणाऱ्या वाइनच्या लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच, अल्कोहोलचं प्रमाण, अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक आणि आरोग्याचा वैधानिक इशारा असावाच लागतो. विक्रीला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. यातलं काही नसलेली बाटली कितीही आग्रह झाला तरी तोंडाला लावू नका. काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही धड ठाऊक नसतं. आम्ही घेतली नाही तेव्हा दुकानदाराचा चेहरा पडला आणि ड्रायव्हरची भाषा बदलली.

गाडीत बसलो आणि ताईने माझा हात दाबला. तिला वास आला होता, मग मलाही आला. आम्ही जेवत होतो तेवढ्या वेळात हा गडी पिऊन आला होता. कायद्याने शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो, मग गाडी भाड्याची असो नाहीतर घरची. यजमानांनी शांतपणे गाडी बाजूला घ्यायला लावली आणि सांगितलं, आम्ही इथेच उतरतो. गिरणारेच्या अलीकडे, आजूबाजूला टोमॅटोची शेतं, रस्त्याला तुरळक वर्दळ. तो उतरला, डिकीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, “उरलेले सात द्या, वेटिंगचे दीड हजार वेगळे. मग बॅगा काढतो.”

डिकीत ताईची बॅग होती, त्यात भावोजींची रक्तदाबाची औषधं आणि परतीच्या प्रवासाचं सगळं. यजमान म्हणाले, तू पिऊन गाडी चालवतोयस, पोलिसांना बोलावतो. तो म्हणाला, “बोलवा ना साहेब. तुम्ही पण वाइन पिऊनच आलाय.” आम्ही चाखली होती, पण गाडी तो चालवत होता. हा फरक त्यालाही कळत होता, पण पाहुण्यांसमोर तमाशा नको असं आम्हाला वाटेल हे तो धरून चालला होता. मी पोलिसांच्या मदतीचा ११२ नंबर लावून फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडून आवाज येताच वेटिंगचे दीड हजार त्याने सोडले, सात मात्र घेतलेच. त्याच्या फोनवर पैसे पडल्याचा आवाज आल्यावर डिकी उघडली, आणि पोलीस यायच्या आत गाडी वळवून तो पसार झाला. गाडीच्या नंबराचा फोटो भावोजींनी सकाळीच काढला होता, तो पुढे कामी आला. आम्हाला घरी आणलं ते आमच्याच गल्लीतल्या, पिवळ्या प्लेटची गाडी चालवणाऱ्या एका दादांनी. अशा सचोटीच्या लोकांच्या पोटावर पाय येतो तो या टोळक्यांमुळे.

इतक्यावर संपेल असं वाटलं होतं. भावोजी कोल्हापूरला पोचल्यावर त्यांना फोन आला. तोच अदबशीर आवाज. “साहेब, ड्रायव्हरला काढून टाकलं. कंपनीतर्फे पूर्ण रिफंड देतोय. व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा, चौदा हजार दिसतील, पिन टाका की जमा.” भावोजींनी पिन टाकला आणि चौदा हजार त्यांच्या खात्यातून गेले. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीच लागतो. पैसे घेण्यासाठी ना पिन लागतो, ना क्यूआर स्कॅन करावा लागतो. ही गोष्ट घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आज बसवून सांगा. भावोजींच्या मुलाने लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला. उशीर न झाल्यामुळे समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली गेली आहे, परत मिळण्याची प्रक्रिया सुरू आहे. तासा-दोन तासांत तक्रार झाली तर पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात, दुसऱ्या दिवशी ते चार खात्यांत पांगलेले असतात.

टूरच्या पैशांचं मात्र वेगळं आहे. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, गाडीचा नंबर, बोलण्याचे स्क्रीनशॉट, पैसे गेल्याच्या पावत्या जोडल्या, पोच घेतली. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगात जायची कागदपत्रं तयार करतो आहोत. बाहेरगावच्या लोकांना वाटतं, यासाठी नाशिकला खेपा कोण घालणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, ती ऑनलाइनही भरता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पाच-सात हजारांसाठी कोण कटकट करणार, असा विचार करून माणसं घरी परततात. ती घरी परतावीत हेच या लोकांना हवं असतं.

खात्रीचा चालक हवा असेल तर हॉटेलच्या काउंटरवरून किंवा ओळखीतून पिवळ्या प्लेटची गाडी दिवसाच्या भाड्याने ठरवा आणि वायनरीचं तिकीट स्वतः त्यांच्या वेबसाइटवरून काढा. गाइड वेगळा लागतच नाही, वायनरीतच माहिती सांगणारा माणूस असतो. कुणी ‘सगळं आमच्यात’ म्हणालं, तर एवढंच म्हणा : वायनरीचा बुकिंगचा मेसेज माझ्या नावाने पाठवा, मग पैसे पाठवते.

आता त्या नव्या जाहिरातीबद्दल. आमच्या तक्रारीनंतर पेजचं नाव बदललं आहे, फोटो आणि फोनवरचा आवाज तेच आहेत. पोस्टरवर लिहिलंय, ‘२६ जानेवारी स्पेशल, अनलिमिटेड वाइन टेस्टिंग’. २६ जानेवारीला महाराष्ट्रात ड्राय डे, म्हणजे दारूविक्री बंदीचा दिवस असतो. त्या दिवशी कुठलीही वायनरी तुम्हाला घोटभर वाइन देणार नाही. तरी या टूरचे आगाऊ पैसे घेणं सुरू आहे. ज्यांनी भरले असतील त्यांनी आजच १९३० ला फोन करा, आपल्या बँकेलाही कळवा, आणि ‘रिफंड’चा फोन आला तर तो तिथेच ठेवून द्या.