बोडक्या नळीवर काय बसवावं: मूळ साइट, उघडी साइट, पीप की स्कोप?

सर्प्लसमध्ये, म्हणजे सैन्याला नको झालेल्या मालात, विकली गेलेली आणि मग कुणीतरी कापूनछाटून शिकारी केलेली जुनी फौजी रायफल हाती येते, तेव्हा बहुधा तिची नळी बोडकी असते. मागच्या साइटच्या जागी डाखाचा राखाडी पट्टा, टोकाशी डोव्हटेलची (तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद) रिकामी खाच आणि रिसीव्हरवर (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या पोलादी भागावर) कुणाच्या तरी हातची दोन-तीन भोकं, त्यातलं एखादं हमखास वाकडं. दस्ता सुरेख पॉलिश केलेला असतो, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता भाग) लोण्यासारखा सरकतो, पण नेम धरायला काहीच नसतं.

अशा रायफलीपुढे चार रस्ते असतात: मूळ फौजी साइट शोधून परत लावणं, उघडी शिकारी साइट बसवणं, रिसीव्हरवर पीप (छिद्रातून बघायची मागची साइट) लावणं, किंवा लोखंडी साइटचा नाद सोडून स्कोप (दुर्बीण) चढवणं. माझा कौल पीपला आहे आणि तो का ते पुढे येईलच. पण आधीच्या मालकाने काय कापलं आणि काय शाबूत ठेवलं यावर निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो.

आधी जखमा मोजा

रायफल रिकामी आहे याची खात्री करा, बोल्ट बाहेर काढा आणि उजेडात बसा. रिसीव्हरवरची भोकं कुठे आहेत आणि किती खोल आहेत? रिसीव्हरच्या पुढच्या रिंगवरचं भोक चेंबरच्या (काडतूस बसतं त्या पोकळीच्या) डोक्यावर येतं. तिथे गरजेपेक्षा खोल ड्रिल गेलं असेल, तर साइटची चर्चा बाजूला ठेवून रायफल आधी जाणत्या गनस्मिथला दाखवा. मागच्या ब्रिजवरच्या (बोल्टवरून पुलासारख्या गेलेल्या भागावरच्या) भोकातला स्क्रू लांब असला, तर तो बोल्टच्या वाटेत डोकावतो. बोल्ट कुठेतरी खरखरतो तो पुष्कळदा यामुळेच.

भोकं नसतील तर घाई करू नका. एकही नवं भोक न पाडलेली आणि फक्त लाकूड कापलेली रायफल अजून मूळ रूपात आणता येते. ती संधी ड्रिलचा पहिला फेरा बसताच संपते. उलट रिसीव्हरची चाळण झालेली असेल, तर संग्राहकाच्या दृष्टीने तिची किंमत केव्हाच गेलेली आहे. मग आहेत ती भोकं निःसंकोच वापरा.

1903 स्प्रिंगफिल्ड ही अमेरिकी फौजी रायफल असेल तर क्रमांक नक्की वाचा. स्प्रिंगफिल्ड आर्मरीच्या 8,00,000 च्या आतल्या आणि रॉक आयलंडच्या 2,85,507 च्या आतल्या क्रमांकांचे रिसीव्हर ठिसूळ निघाल्याची नोंद आहे. अशा रायफलीवर साइटचा खर्च करण्यापेक्षा ती भिंतीवर शोभते. शिवाय शस्त्रात बदल कोणी करायचा याचे नियम देशोदेशी वेगळे असतात. ते ड्रिल हातात घेण्यापूर्वीच बघा.

मूळ साइट परत लावायची?

ज्याची नळी मूळ लांबीची आहे आणि साइटचा बेस जागेवर आहे, त्याला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी नुकसानीचा रस्ता. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा: या साइट सैन्याच्या गरजेसाठी बनल्या होत्या, शिकाऱ्याच्या नव्हे. जर्मन के98के माउझरची साइट 100 ते 2000 मीटरपर्यंत आखलेली असते, पण आधीच्या गेवेर 98 वरची 400 मीटरपासून सुरू होते. स्वीडिश एम96 ची 300 पासून. म्हणजे 100 मीटरवर नेम धरला की गोळी चांगलीच वर लागते. रशियन मोसिन 91/30 चा नेम संगीन लावून जुळवलेला असे. संगीन काढली की गोळ्यांची जागा हलते, आणि शिकारी केलेल्या मोसिनला संगीन कुठून असणार?

या सगळ्यावर उतारा एकच, तो म्हणजे पुढची साइट उंच करणं. पुढची उंच केली की गोळी खाली येते. बाकी खाच अरुंद, पुढचं टोक बारीक आणि संध्याकाळच्या उजेडात दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. तरुण डोळ्याला चालतं. चाळिशी लागलेल्याला मागची खाच, पुढचं टोक आणि लक्ष्य ही तीन अंतरं एकाच वेळी स्पष्ट दिसणं अवघडच.

उघडी शिकारी साइट

पुढे रॅम्प (साइटला उंची देणारा पाया) आणि त्यावर मणी किंवा पाते, मागे नळीवर रुंद खाचेची साइट. दिसायला हीच सर्वांत देखणी. मोठ्या जनावरांच्या रायफलींवर असते तशी उथळ, पसरट ‘व्ही’ आणि मधोमध पांढरी रेघ असलेली एक्स्प्रेस साइट झटकन नेम धरायला उत्तम, बारीक नेमाला मात्र बेताची.

बसवताना खरा प्रश्न नळीचा असतो. रॅम्प तीन प्रकारे बसतो: स्क्रूने, नळीभोवतीच्या कड्याने किंवा डाख देऊन. कड्याचा रॅम्प घ्यायचा तर नळीचा व्यास त्याच जागी मायक्रोमीटरने मोजा, कारण फौजी नळ्या पायऱ्यापायऱ्यांनी निमुळत्या होतात आणि दोन बोटं मागेपुढे झालं की माप बदलतं. डाख द्यायचा तर मऊ डाख पुरेसा, तो 200 अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो. चांदीचा डाख 600 च्या वर जातो. तेवढी आच नळीच्या तोंडाशी एकवेळ कुणी कारागीर सांभाळेल, रिसीव्हरजवळ ती नेऊच नका. तिथलं पोलाद उष्णतेनेच कडक केलेलं असतं आणि तसल्याच उष्णतेने ते मऊही पडतं.

मागच्या साइटसाठी नळीत डोव्हटेलची खाच पाडायचा मोह होतो. जाड नळीत ठीक आहे. पण शिकारी करताना नळी बाहेरून सोलून बारीक केलेली असेल, तर खाचेखाली भिंत किती उरते हे मोजल्याशिवाय कानस लावू नका. माउझरची मागची साइट मुळात नळीवर चढवलेल्या नळकांड्यावर असते. ते जागेवर असेल, तर त्याच्याच माथ्यावर नवी साइट बसवणं सर्वांत सोपं. ते काढून टाकलेलं असेल, तर कड्याची साइट घ्या.

पीप

मागचं छिद्र डोळ्याच्या जवळ आणलं की दोन गोष्टी एकदम साधतात. एक, मागची साइट स्पष्ट दिसण्याची गरजच उरत नाही. डोळा छिद्राच्या मधोमध आपोआप जातो, तुम्ही फक्त पुढचं टोक बघायचं. शिवाय बारीक छिद्रातून कॅमेऱ्यासारखीच खोलवरची स्पष्टता मिळते, म्हणून वय झालेल्या डोळ्याला पीप वरदान वाटतं. दुसरी गोष्ट अंतराची. एसएमएलई म्हणजे ब्रिटिश क्रमांक 1 ली-एनफिल्डवर दोन साइटमधलं अंतर साधारण 49 सेंटीमीटर आहे, तर क्रमांक 4 वर मागची साइट रिसीव्हरवर गेल्याने ते सुमारे 73 झालं. टोकाची तीच चूक आता लक्ष्यावर दोनतृतीयांश होते. अमेरिकनांनीही 1903 स्प्रिंगफिल्डवरची नळीवरची साइट 1903ए3 मध्ये छिद्रासह मागच्या ब्रिजवर नेली. दोन सैन्यांनी आपापल्या वाटेने हाच बदल केला, यातच सगळं आलं.

जुन्या शिकारी रायफलींवर लायमन, रेडफिल्ड आणि विल्यम्स या कंपन्यांच्या पीप भरपूर लागल्या. तुमच्या रिसीव्हरच्या बाजूला 6-48 मापाच्या आट्याची दोन भोकं शेजारीशेजारी असतील, तर बहुधा तिथे त्यातलीच एखादी होती. मापं घ्या, तीच शोधा, काम तासाभराचं. लायमन 48 या पीपचे क्लिक पाव मिनिटाचे (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे 100 मीटरवर एका क्लिकने गोळी सुमारे सात मिलिमीटर सरकते. एकदा असं क्लिक करून गोळ्या सरकवायची सवय लागली, की पंच आणि हातोडीकडे परत जावंसं वाटत नाही. क्रमांक 4 ली-एनफिल्डवाल्यांचं नशीब आणखी चांगलं: पार्कर-हेलची पीएच5सी पीप भोक न पाडता बसते.

भोकं नवी पाडायची असतील तर हे घरच्या हँडड्रिलचं काम नव्हे. काही रिसीव्हरचा वरचा थर इतका कडक असतो की साधं ड्रिल नुसतं घसरतं आणि त्याची धार जाते, तिथे कार्बाइड लागतं. टॅप (आटे पाडायचं हत्यार) आत तुटला तर पुढचे चार तास गेले म्हणून समजा. जिग (ड्रिल सरळ धरणारा साचा) असलेल्या माणसाला पैसे द्या.

शिकारीत वापरणार असाल तर नेमबाजीची बारीक चकती काढून ठेवा आणि मोठ्या छिद्रातून बघा. झाडीत, कमी उजेडात बारीक छिद्र म्हणजे बंद खिडकी.

पुढच्या साइटची उंची

पीप लावणारे इथेच फसतात. मागची साइट नळीवरून रिसीव्हरवर गेली की ती वरही चढते, आणि जुनं पुढचं टोक ठेंगणं पडतं. पीप तळाला नेली तरी गोळी वरच लागते.

हिशेब सोपा आहे. पीप मधल्या स्थितीत ठेवा आणि छिद्राचं केंद्र नळीच्या मध्यरेषेपासून किती वर आहे ते मोजा. समजा 21 मिलिमीटर. साधारण 750 मीटर प्रतिसेकंद वेगाचं काडतूस, 100 मीटरचा नेम आणि 73 सेंटीमीटरचं अंतर धरलं, तर पुढचं टोक मागच्यापेक्षा सुमारे एक मिलिमीटर खाली हवं, म्हणजे 20. नळी तोंडाशी 15 मिलिमीटर जाड असेल तर अर्धी, साडेसात, वजा करा. नळीच्या पृष्ठभागापासून रॅम्प आणि पाते मिळून साडेबारा मिलिमीटर उंच हवेत. विकत घेताना चौदा घ्या.

गोळ्या झाडल्यावरची दुरुस्ती अशी: लक्ष्यावरची चूक गुणिले साइटमधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर. 100 मीटरवर 18 सेंटीमीटर वर लागते आणि साइटमध्ये 50 सेंटीमीटर आहेत, तर पुढचं टोक 0.9 मिलिमीटर वाढवा. तीच चूक 73 च्या अंतरावर असेल तर 1.3. म्हणून दुसऱ्याच्या रायफलीचा आकडा आपल्याला लागू पडत नाही.

उंच पाते लावलं की गोळी खाली लागते. मग कानशीने एकेक घास घ्यायचा, तीन गोळ्या झाडायच्या, पुन्हा घासायचं. मी एकदा संध्याकाळ व्हायला आली म्हणून शेवटचे दोन घास एकदम घेतले. गोळ्या नेमाच्या वर गेल्या आणि ते पाते अजून डब्यात आहे. घासलेलं पोलाद काही परत येत नाही.

आडवी चूक असेल तर खाचेत बसलेली साइट सरकवा, पण आधी तिच्या पायावर आणि नळीवर मिळून टोकदार पेन्सिलीने एक रेघ ओढा. पितळी पंच, हलकी हातोडी, आणि नळी लाकडी जबड्याच्या वाइसमध्ये. रेघ तुटून दोन तुकडे झाले की साइट हलली, डोळ्याला हलल्यासारखी वाटो वा न वाटो.

स्कोप

स्कोपने नेम सोपा होतो, रायफल मात्र अवघड होते. माउझरचा सरळ बोल्ट वर उचलताच स्कोपला आपटतो, म्हणून दांडा वाकवून किंवा कापून नवा जोडावा लागतो. तेही बोल्टच्या कडक केलेल्या भागाला आच न लागू देता. पंखासारखी सेफ्टी स्कोपखाली उभी राहत नाही, ती बदलावी लागते. क्लिपने गोळ्या भरायची सोय जाते. आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट दस्त्याची: लोखंडी साइटसाठी उतरत्या पाठीचा दस्ता असेल, तर स्कोपला गाल टेकतच नाही, हनुवटी टेकते. नेम दरवेळी वेगळा येतो आणि दोष स्कोपवर जातो.

आधीच्या मालकाने बोल्ट वाकवून, सेफ्टी बदलून, चार भोकं सरळ रेषेत पाडून ठेवली असतील, तर खुशाल स्कोप लावा. नसेल तर त्या खर्चात पीप लावून बरीच काडतुसं उरतात. मधला रस्ता म्हणजे अमेरिकी शस्त्रलेखक जेफ कूपर यांनी 1980 च्या दशकात रुजवलेला स्काउट: लांब आय-रिलीफचा (डोळ्यापासून दूर धरायचा) छोटा स्कोप नळीवर, मागच्या साइटच्या जागी. बोल्ट, सेफ्टी, क्लिप सगळं मोकळं राहतं. पाठीमागून सूर्य आला की भिंगात चमक येते, तेवढं सोसायची तयारी हवी.

काहीही लावा, पहिल्या गोळ्या 25 मीटरवरच झाडा. 100 मीटरचा नेम साधायचा असेल, तर लोखंडी साइटला तिथे गोळी जवळपास नेमावर लागायला हवी, स्कोपला सुमारे एक सेंटीमीटर खाली. पाच गोळ्यांनंतर स्क्रू पुन्हा तपासा. पहिल्यांदा ढिला होतो तो हमखास पुढच्या रॅम्पचा.